लाल बटण

माणूस कल्पनेतला, मोताळा तालुक्यातला. वेळा मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर मोजलेल्या, गोळाबेरीज. प्रत्यक्ष गालात हे सारं याहून सावकाश चालतं.

उरले 24 तास. सकाळी 6:00
रात्रपाळीची लाईट गेली, कपाशीचं भिजवणं अर्धवट राहिलं. बांधावर बसून तो तळहातावर तंबाखू-चुना मळतो, वरून थाप मारून भुकटी उडवतो आणि चिमूट डाव्या गालात दाबतो. वीस वर्षं हीच जागा. चुन्यानं तिथलं अस्तर सोलवटलंय. जखम भरण्याची सोय लाळेतच असते: ईजीएफ नावाचं प्रथिन. जनावर जखम चाटतं ते उगाच नाही. ईजीएफ पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहीला जाऊन बिलगतं. निरोप एवढाच: वाढ.

6:05
ग्राही आतल्या रास या प्रथिनाला जागं करतो. रास म्हणजे मोटारीचा स्टार्टर. हिरवं बटण दबलं की रॅफ, मेक, अर्क ही प्रथिनं एकापाठोपाठ एक सुरू होतात आणि अर्क थेट केंद्रकात शिरतो. निरोगी पेशीत रासचं लाल बटणही थोड्या वेळात दाबलं जातं. इथं ते अडकलंय. तंबाखूतली नायट्रोसामाइनं वर्षानुवर्षं डीएनएला चिकटत आली, रास बनवणाऱ्या एचरास जनुकातलं एक अक्षर बदललं, आणि प्रथिनाच्या बाराव्या जागी भलतंच अमिनो आम्ल येऊन बसलं. एका अक्षराची ही किंमत मला अजून सुन्न करते. धनंजया सरनाथ आणि सहकाऱ्यांनी 1991 साली मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातल्या गाठींपैकी सुमारे एक तृतीयांश गाठींत एचरास बिघडलेला आढळला होता.

6:30
फॉस जनुकाच्या नकला भराभर उतरतात. निरोप पोचल्यावर काही मिनिटांतच हे जनुक जागं होतं, हे ग्रीनबर्ग आणि झिफ यांनी 1984 मध्ये दाखवलं. एरवी तासा-दीड तासात ते गप्प होतं.

8:00
आता मिक हे प्रथिन. ते शेकडो जनुकांचं प्रतिलेखन वाढवतं.

उरले 16 तास. दुपारी 2:00
सायक्लिन डी1 हे प्रथिन साचलंय. त्यामुळे विभाजनाचं दार धरून बसलेलं आरबी प्रथिन ढिलं पडतं. हे दार ओलांडल्यावर बाहेरच्या निरोपाची गरजच उरत नाही.

उरले 10 तास. रात्री 8:00
भाकरीबरोबरचा ठेचा डाव्या गालाला झोंबतो. "अहो, चार दिवस झाले, एकाच बाजूनं खाताय," बायको म्हणते. तो पाणी पितो. तिनं त्याच वेळी मोबाईलचा टॉर्च लावून गाल ताणून पाहिला असता, तर पांढरा चट्टा दिसला असता.

पेशीत डीएनएची नक्कल चाललीय. चुका सापडल्या की काम थांबवणारं पी53 या पेशीत केव्हाच निकामी झालेलं आहे. बदललेलं अक्षर जसंच्या तसं उतरतं.

उरला 1 तास. पहाटे 5:00
गुणसूत्रं मध्यरेषेवर रांग धरतात, दोन्हीकडे ओढली जातात.

6:00
एकीच्या दोन पेशी. दोघींतही लाल बटण अडकलेलं. अशा तीस दुपटी झाल्या की सुमारे 100 कोटी पेशी होतात, डॉलर हरभऱ्याच्या दाण्याहून जराशी मोठी गाठ.