परीक्षकाची नजर : ऑस्कीची कुळकथा

वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कुठल्याही डॉक्टरला ‘लाँग केस’ आठवते. परीक्षेच्या सकाळी वॉर्डातला एक रुग्ण वाट्याला येतो. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं, कागदावर टिपणं काढायची आणि मग परीक्षकांची वाट पाहायची. परीक्षक येतात, मांडणी ऐकतात, आजाराची एखाद-दुसरी खूण काढून दाखवायला सांगतात, उलटसुलट प्रश्न विचारतात आणि गुण देतात. मात्र विद्यार्थी त्या रुग्णाशी कसा बोलला, पोटाला हात लावण्याआधी त्याला विचारलं का, दाबताना त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवलं का, हे कुणीच पाहिलेलं नसतं. डॉक्टरकीतला सर्वांत मोलाचा भाग परीक्षकाच्या पाठीमागे उरकलेला असतो आणि परीक्षा होते ती त्याच्या वृत्तान्ताची.

हा भाग परीक्षकाच्या डोळ्यांसमोर आणण्यासाठी जी पद्धत जन्माला आली, तिला आज जगभरचे विद्यार्थी ‘ऑस्की’ म्हणतात. ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन हे तिचं पूर्ण नाव. गेल्या पन्नास वर्षांत आरोग्यशिक्षणात जे संशोधन झालं, त्यातलं इतकं दूरवर पोचलेलं दुसरं फळ क्वचितच सापडेल. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते अशा सगळ्यांच्या शिक्षणात ती शिरली. पण कूळ शोधू गेलं तर तिचे पूर्वज एका गावात सापडत नाहीत.

सगळ्यांत थोरली लाँग केसच. आज ती जुनाट वाटते; पण तीही एके काळची सुधारणाच होती. केंब्रिजमधले डॉक्टर जॉर्ज पॅजेट यांनी १८४२ साली विद्यापीठाला अंतिम वैद्यकीय परीक्षेत रुग्णशय्येशेजारची परीक्षा घ्यायला राजी केलं. ब्रिटनमधली ही पहिली नियमित क्लिनिकल परीक्षा. पुस्तकी विद्वत्तेवर डॉक्टरची पदवी देऊ नये, उमेदवाराला खऱ्या रुग्णापुढे उभं करावं, हा पॅजेट यांचा आग्रह होता. पुढे ब्रिटिश वळणाची महाविद्यालयं आपल्याकडे उभी राहिली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. त्या वळणाबरोबर लाँग केस, शॉर्ट केस आणि तोंडी परीक्षा आपल्या रक्तात भिनल्या. आजही अंतिम वर्षाचा विद्यार्थी ‘केस कुठली आली?’ याच प्रश्नाने मित्राला गाठतो.

त्या प्रश्नातच या पद्धतीचं दुखणं आहे. केस कुठली येते हा नशिबाचा भाग. एकाला मुरलेला, स्वतःच्या आजाराची सगळी माहिती सांगणारा हृदयरुग्ण मिळतो. दुसऱ्याला वेदनेने कळवळणारा, धड बोलू न शकणारा माणूस. परीक्षक कोण येतो हाही नशिबाचाच भाग. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९६९ साली एक शोधनिबंध छापला. त्याचं शीर्षकच ‘क्लिनिकल परीक्षकांची परीक्षा’ अशा अर्थाचं होतं, आणि ग्लासगोतल्या त्याच्या लेखकांमध्ये रोनाल्ड हार्डेन हे तरुण डॉक्टर होते. उमेदवाराच्या गुणांमध्ये परीक्षकाच्या स्वभावाचा वाटा किती, हा प्रश्न पुराव्यानिशी विचारायला इथून सुरुवात झाली.

नशिबाचा तिसरा पदर पुढे उलगडला. आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांनी डॉक्टर निदानापर्यंत कसा पोचतो याचा कसून अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिलं. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : एका रुग्णाचा प्रश्न उत्तम सोडवणारा माणूस दुसऱ्या प्रकारच्या रुग्णापुढे तितकाच सरस ठरेल याची खात्री नाही. ‘हुशार डॉक्टर’ ही सगळीकडे सारखी चालणारी शक्ती नसते. ती केसगणिक बदलते. म्हणजे एका लाँग केसवरून माणसाची पारख करणं, परीक्षक कितीही न्यायी असला तरी, मुळातच लंगडं आहे.

ऑस्कीचं दुसरं कूळ अमेरिकेत निघतं. हॉवर्ड बॅरोज हे मज्जासंस्थेचे डॉक्टर. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना त्यांनी डेव्हिड सीगल हे अध्यापक पाहिले. सीगल प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्ण तपासताना स्वतः बसून पाहत, आणि ते त्या काळी इतकं दुर्मीळ होतं की बॅरोज यांच्या मनावर कायमचं कोरलं गेलं. त्याच सुमारास परीक्षांसाठी वरचेवर बोलावल्या जाणाऱ्या एका रुग्णाने त्यांना एक गंमत सांगितली. एक उमेदवार त्याच्याशी आडदांडपणे वागला, म्हणून त्याने चक्क आपल्या आजाराच्या खुणा बदलून दाखवल्या. बॅरोज यांनी त्यातून नेमकं तेच घेतलं जे घ्यायला हवं होतं : रुग्णाची भूमिका वठवता येते, आणि आपल्याला कसं वागवलं गेलं याचा सर्वांत चांगला साक्षीदार रुग्णच असतो.

लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६३ साली त्यांनी एका मॉडेलला पायांतली शक्ती गेलेल्या स्त्रीची भूमिका शिकवली. तिच्या तक्रारी, प्रतिक्षिप्त क्रिया, बधिर झालेला भाग, चिडचिड, सगळं बसवलं. विद्यार्थी एकामागून एक तिला तपासत आणि प्रत्येक जण गेल्यावर ती त्याने काय केलं, काय केलं नाही, याची नोंद भरे. स्टीफन अ‍ॅब्राहमसन यांच्यासोबत त्यांनी १९६४ साली हे प्रसिद्ध केलं. हॉलिवूडच्या शेजारी वैद्यकात नट-नट्या आणल्या म्हणून त्यांची चेष्टा झाली; बऱ्याच सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. बॅरोज मागे हटले नाहीत. आज ज्याला ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ म्हणतात, त्याची ही सुरुवात. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तोच रुग्ण, तीच तक्रार, तोच स्वभाव; नशिबाचा पहिला पदर इथे गळून पडला.

दोन्ही कुळं एकत्र यायला जागा मिळाली ती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डंडी शहरात. हार्डेन ग्लासगोहून तिथे गेले होते. मूळचे ते अंतःस्रावी ग्रंथींचे डॉक्टर. पण वैद्यकशिक्षण हाच त्यांचा विषय झाला. त्यांनी १९७२च्या सुमारास नव्या परीक्षेचा प्रयोग केला आणि फेब्रुवारी १९७५मध्ये तीन सहकाऱ्यांसह तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला.

रचना अशी. वॉर्डात ओळीने मुक्काम मांडलेले, इंग्रजीत स्टेशन. एका स्टेशनवर विद्यार्थ्याने काहीतरी करून दाखवायचं : रुग्णाकडून तक्रारीचा इतिहास काढायचा किंवा शरीराचा एखादा भाग तपासायचा. पुढच्या स्टेशनवर आधी काय आढळलं आणि त्याचा अर्थ काय, याची उत्तरं द्यायची. अठरा स्टेशनं परीक्षेची, दोन विश्रांतीची. प्रत्येकी साडेचार मिनिटं, मध्ये अर्धा मिनिट. शंभर मिनिटांत पूर्ण फेरी. विद्यार्थी एकाच वेळी वेगवेगळ्या स्टेशनांवरून सुरुवात करतात आणि इशारा झाला की सगळे एक-एक जागा पुढे सरकतात. शरीररचनाशास्त्राची स्पॉटर परीक्षा दिलेल्यांना हे सरकणं ओळखीचं वाटेल. टेबलाकडून टेबलाकडे जाण्याची रीत तिथे होतीच. फरक असा की स्पॉटरमध्ये बरणीतला अवयव ओळखायचा असतो, इथे समोर जिवंत माणूस असतो.

आणि त्या माणसाशेजारी परीक्षक बसलेला असतो. तो प्रश्न विचारत नाही, तो पाहतो. त्याच्या हातात आधीच ठरवलेली यादी असते. गळ्याची तपासणी असेल तर : ओळख करून दिली का, काय करणार ते सांगितलं का, पाणी गिळायला सांगून गाठ हलते का ते पाहिलं का, मागे उभं राहून दोन्ही हातांनी चाचपलं का, मानेतल्या लसिकाग्रंथी पाहिल्या का. केलं तर खूण, नाही तर नाही. परीक्षकाला विद्यार्थ्याचा शर्ट आवडला की उच्चार खटकले, त्याला यादीत जागा नाही. अशा प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, त्यामुळे एकाची मर्जी किंवा खप्पामर्जी सगळ्या निकालावर पसरत नाही. अनेक स्टेशनं, त्यामुळे एका केसवर भवितव्य टांगलेलं नाही. नशिबाचे तिन्ही पदर एका रचनेत सुटले.

पुढचा प्रवास भराभर झाला. ओटावाचे इयान हार्ट यांच्यासोबत हार्डेन यांनी ज्या परिषदा घडवल्या, त्यांतून ऑस्की देशोदेशी गेली. कॅनडाने १९९२ साली ती राष्ट्रीय परवाना परीक्षेत आणली. अमेरिकेने २००४ साली परवान्यासाठी प्रशिक्षित रुग्णांवरची परीक्षा सक्तीची केली आणि महासाथीत थांबलेली ती परीक्षा २०२१ साली कायमची बंद केली. ब्रिटनमध्ये काम करू पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरांची प्लॅब परीक्षेची दुसरी पायरी ऑस्कीच आहे. महाराष्ट्रातून ब्रिटनला जाणाऱ्या कितीतरी तरुण डॉक्टरांना ती मँचेस्टरच्या एका इमारतीत, स्टेशनामागून स्टेशन, द्यावी लागते. परदेशी परिचारिकांनाही तिथे नोंदणीसाठी ऑस्की पार करावी लागते.

आपल्या देशात तिने प्रवेश केला तो मात्र रुग्णाच्या नव्हे, प्रयोगशाळेच्या दारातून. दिल्लीच्या एम्समधल्या शरीरक्रियाशास्त्र विभागातले उषा नायर, एस. एल. मलिक आणि आर. एल. बिजलानी यांनी प्रात्यक्षिक परीक्षेला हीच रचना लावली आणि १९८६ साली ती ‘मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात मांडली. तीच आज पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘ऑस्पी’ म्हणून ठाऊक आहे. मुंबईत केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ सालापासून अध्यापकांना शिक्षणशास्त्र शिकवणारं फेमर केंद्र चालतं. अशा केंद्रांतून शिकून गेलेल्यांनी आपापल्या महाविद्यालयांत ही पद्धत रुजवली. मग २०१९ साली एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्याने कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक केल्या आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ हा भाग सगळ्या वर्षांत विणला. संवाद शिकवायचा तर तो तपासायलाही हवा, आणि पाहिल्यावाचून तो तपासता येत नाही. ऑस्की आता विभागाच्या हौसेची गोष्ट उरली नाही.

इथेच कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा वळसा येतो. टोरोंटोचे ब्रायन हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रयोग छापला. मनोविकारांच्या ऑस्कीत त्यांनी विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि अनुभवी कुटुंबवैद्य अशा तिघांनाही बसवलं. यादीवरच्या गुणांत अनुभवी डॉक्टर मागे पडले. कारण उघड आहे : मुरलेला डॉक्टर पंचवीस प्रश्न विचारत नाही, तो नेमके पाच विचारतो. मात्र परीक्षकांनी यादी बाजूला ठेवून एकंदर पारख केली, तेव्हा अनुभवी डॉक्टरच पुढे निघाले. दोन वर्षांनी लंडनच्या व्हॅल वास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परीक्षक समोर बसून पाहत असेल आणि केसेस पुरेशा असतील, तर खऱ्या रुग्णावरची लाँग केसही विश्वासार्हतेत मागे राहत नाही.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की ऑस्कीचं खरं बळ कशात आहे ते दिसतं. ते पुढे सरकवणाऱ्या इशाऱ्यात नाही आणि यादीतही नाही. वेगवेगळ्या रुग्णांपुढे, वेगवेगळ्या जाणत्या डोळ्यांनी, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहणं, हे ते बळ. पॅजेट यांनी विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेलं. सीगल, बॅरोज आणि हार्डेन यांनी परीक्षकाला तिथे नेलं.

म्हणून आपल्याकडे ऑस्की पसरताना एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. एका वर्गात दीडशे ते अडीचशे मुलं, परीक्षक मोजके, वेळ कमी. मग सोयीचा मार्ग निघतो : एक्स-रे, रक्ताचा अहवाल, ईसीजीची पट्टी, उपकरणाचा फोटो, खाली दोन प्रश्न. जिथे परीक्षक लागतच नाही अशी स्टेशनं वाढत जातात. अशी स्टेशनं आवश्यक आहेत, पण सगळी फेरीच तशी झाली तर ती चालत-चालत दिलेली लेखी परीक्षा होते. दुसरीकडे यादी पाठ करण्याचे वर्ग भरतात आणि विद्यार्थी ‘तुम्हाला त्रास होतोय हे ऐकून वाईट वाटलं’ हे वाक्य रुग्णाकडे न पाहता म्हणायला शिकतो. ज्या उणिवेवर उपाय म्हणून ही परीक्षा निघाली, तीच उणीव तिच्या पोटात परत शिरते.

आपल्यासाठी या नजरेची गरज आणखी एका कारणाने आहे. लाँग केसची मांडणी इंग्रजीत होते. पण बीडच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाशी विद्यार्थी बोलतो ते मराठीत, किंवा त्याच्या बोलीत. शंभर वर्षं आपण त्या बोलण्याचं इंग्रजी भाषांतर तपासलं. ते बोलणं कधी तपासलंच नाही. इन्शुलिनची सुई पोटात कुठे टोचायची, बाटली फ्रीज नसलेल्या घरात कशी ठेवायची, क्षयाची गोळी बरं वाटलं तरी का सोडायची नाही, हे आठ मिनिटांत मराठीत समजावून सांगण्याचं स्टेशन आपल्याला कुठल्याही परदेशी पुस्तकातून उचलता येणार नाही. ते इथल्या अध्यापकांनी, परिचारिकांनी, समाजसेवा अधीक्षकांनी आणि खुद्द रुग्णांनी मिळून बांधायचं काम आहे. रुग्णाला ‘काका’ म्हणावं की ‘तुम्ही’ एवढंच पुरे, सासूसमोर सुनेला पाळीबद्दल कसं विचारावं, असे प्रश्न त्या यादीत आले पाहिजेत.

आणि पाहिल्यावर सांगितलंही पाहिजे. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आपापल्या कामाबद्दल परत काहीतरी कळतं, हा लाभ हार्डेन यांच्या १९७५च्या लेखातच नोंदलेला होता. अंतिम परीक्षेत ते शक्य नसेल, तर टर्मच्या शेवटी चार स्टेशनं लावावीत, प्रत्येकावर एक परीक्षक बसवावा, आणि फेरी संपली की प्रत्येक मुलाला त्याच्या हातांबद्दल आणि बोलण्याबद्दल दोन मिनिटं खरं सांगावं. याला पैसा फारसा लागत नाही. ज्येष्ठ माणसांचा वेळ लागतो. तो वेळ काढणं ही अध्यापकाची मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे. कारण पदवी हाती आल्यावर हा तरुण डॉक्टर रुग्णापुढे एकटा असतो, आणि तो काय करतो ते पाहायला रुग्णाखेरीज कुणी नसतं. तोपर्यंत निदान काही वेळा तरी एखाद्या जाणत्या माणसाने त्याला नीट पाहिलेलं असावं, हा त्या रुग्णाचा हक्क आहे.