गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय: काय चालेल, काय टाळावे

गुडघे दुखायला लागले की तेल, लेप, शेक किंवा कुणीतरी सुचवलेली पुडी आधी करून बघितली जाते. यातल्या काही उपायांनी आराम मिळतो, काहींनी अपाय होतो.

चालतील असे उपाय

कोमट शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. हलक्या हाताने तेल लावल्यानेही बरे वाटते. मात्र मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर चटका बसलेला कळत नाही. अशा वेळी शेकाची पिशवी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात लावून बघायला सांगा. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर चोळू नका.

जपून करावेत असे उपाय

जेवणातली हळद घ्यायला हरकत नाही. पण वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

टाळावेत असे उपाय

बिब्बा कातडीवर लावू नका. त्याच्या तेलाने फोड येतात, जखम चिघळते.

सगळ्यात जास्त सांभाळायचे ते लेबल नसलेल्या पुड्या-गोळ्यांपासून. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही औषधांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले आढळले आहे. एक-दोन दिवसांतच दुखणे गायब झाले, मग भूक वाढली, चेहरा गोल सुजल्यासारखा दिसू लागला, साखर किंवा रक्तदाब वाढला, तर शंका घ्या. वेदनाशामकामुळे पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पुडी काही आठवडे घेतली असेल तर ती स्वतःहून एकदम बंदही करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. ते अचानक थांबले तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जिवावरही बेतू शकते. पुडी सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. गरज असेल तर ते डोस हळूहळू कमी करत आणतील.

थांबू नका

तापासोबत सांधा सुजणे, पायावर भार न देता येणे, काळी शौच होणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टर रागावतील म्हणून घरचे उपाय लपवू नका. तुम्ही काय घेता हे कळले, तरच तुम्हाला सुरक्षित औषध देता येते.