शेती पुढच्या पिढीकडे देताना : सातबारा, पहाणी आणि एक-चौदा

देशात एका खातेदाराकडची सरासरी शेतजमीन 1970-71 मध्ये 2.28 हेक्टर होती. 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.08 हेक्टरवर आली. महाराष्ट्रात हाच आकडा 4.28 वरून 1.34 वर घसरला. दर पिढीला वाटण्या होत गेल्या. आता बहुतेक घरांत वारस चार आणि प्रत्यक्ष शेती करणारा एकच, अशी स्थिती आहे. गावात राहून शेत राखणाऱ्याला कायदा त्यासाठी जादा वाटा देत नाही. म्हणून शेत कसणाऱ्याकडेच राहावे असे वाटत असेल, तर वडीलधारे हयात असतानाच कागद करावा लागतो.

हिस्सा कुणाचा?

हिंदू वारसा कायदा 1956 सालचा. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आजी, असे सगळे समान वारस. वडिलोपार्जित जमिनीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी मात्र कायम राहते. ‘आमची वाटणी तोंडी झालीय’ एवढ्यावर भागत नाही. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

एखाद्या भावाला किंवा बहिणीला वारसाने आलेला हिस्सा विकायचा असेल, तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना आहे (कलम 22). हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायालय ठरवते.

कागद चार, परिणाम वेगळे

मृत्युपत्र : दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हयातीत कधीही बदलता येते. वडिलोपार्जित जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्साच त्यात देता येतो.

बक्षीसपत्र : नोंदणी सक्तीची. जमीन लगेच हातची जाते. आईवडिलांना सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्यावी. ती पाळली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

हक्कसोडपत्र : बहिणीने किंवा भावाने आपला हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त. मोबदला ठरला असेल तर तोही लिहावा. ‘नुसती सही कर’ म्हणून घेतलेल्या सह्यांतूनच पुढे दावे उभे राहतात.

वाटणीपत्र : हयातीतच प्रत्येकाचे क्षेत्र ठरते. विहिरीचा हिस्सा, पाण्याची पाळी, बांध आणि वहिवाटीचा रस्ता यांचा उल्लेख नसेल तर भांडण पुढच्या पिढीकडे जाते.

राज्य बदलले की कचेरी बदलते

जमीन ज्या राज्यात, तिथलाच महसूल कायदा. निपाणी-कागल किंवा बेळगाव-चंदगड अशी दोन्हीकडे जमीन असेल तर वारसाची नोंद दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते.

महाराष्ट्रात वारसाची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची, मग फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नावे चढतात. सर्वांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटणी करून देतात. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे.

कर्नाटकातही मुदत तीन महिन्यांचीच. उतारा म्हणजे पहाणी (आरटीसी), आणि मृत्यूनंतरच्या वारस नोंदीला ‘पौती खाते’ म्हणतात. सर्व्हे नंबरचा तुकडा द्यायचा असेल तर दस्ताआधी ‘11 ई’ नकाशा काढावा लागतो.

गोव्यात उतारा एक-चौदाचा आणि वारसा कायदाही निराळा. तो सर्व धर्मांच्या गोवेकरांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर निम्मी मालमत्ता पती किंवा पत्नीची असते. मुले असतील तर स्वतःच्या हिश्श्याच्या निम्म्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. वाटणी ‘इन्व्हेंटरी’ दाव्यातून होते. त्यात वारसांना आपापसांत बोली लावता येते, त्यामुळे शेती करणाऱ्याला बाकीच्यांना पैसे देऊन शेत अखंड ठेवण्याची वाट असते.

आधी काय तपासावे?

उताऱ्यावर अजून आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असेल तर आधी त्या पिढीची वारस नोंद करून घ्यावी. सोसायटीचे कर्ज आणि बँकेचा बोजा पाहावा. साखर कारखान्याचा शेअर जमिनीबरोबर आपोआप जात नाही. त्याची वारस नोंद वेगळी होते. हे झाले की सगळ्या भावंडांना, सासरी गेलेल्या बहिणींनाही, एकत्र बसवून बोलणी करावीत आणि ठरेल ते त्याच हंगामात नोंदवून टाकावे.