काखेतला इफेक्ट

गिटारवाला पायाखालचं पेडल दाबतो आणि स्वर वाकतो, लांबतो, गुरगुरतो. हा झाला इफेक्ट. पाथरीच्या मुलखात, म्हणजे माहूर आणि तुळजापूर या दोन्ही देवींना मानणाऱ्या मराठवाड्यात, हेच काम काखेत धरलेलं चौंडकं करत आलं आहे. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली तार आणि तिच्या टोकाला मूठ. मूठ ओढली की स्वर चढतो, सैल सोडली की घसरतो. आराधी आणि जोगती याच वाद्यावर देवीची गाणी म्हणतात. नंदीबैलवाल्याच्या गुबगुबीवर तर काडी घासतात, त्या घर्षणातून ती घुमते.

मुक्त उत्स्फूर्त संगीताचा इतिहास सांगताना लंडनचं नाव आधी येतं. तिथे १९६५ मध्ये एएमएम हा गट सुरू झाला. त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवायचा, तारांवर वस्तू घासायचा, मध्येच रेडिओ लावायचा. जॅझच्या सवयी मोडायच्या म्हणून त्याने हे मुद्दाम शोधलं.

गोंधळाची वाट वेगळी. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘गोंडली’ नृत्य येतं. काही अभ्यासक गोंधळाचं मूळ तिथे शोधतात. परभणी जिल्ह्याने तर गोंधळमहर्षी राजारामबापू कदम दिले. गोंधळ पूर्णपणे मुक्त नसतो. देवतांना आवाहन आधी, आख्यान नंतर, हा क्रम ठरलेला. पण त्या चौकटीत नाईक यजमानाच्या घरातली नावं गुंफतो, साथीदार मध्येच फिरकी घेतो आणि संबळ त्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देतं. समोरची माणसं पेंगली तर लय बदलते. रात्रभर हे चालतं, म्हणून जमतं.

आता संबळाचा आवाज मोबाइलवर सॅम्पल म्हणून मिळतो आणि लग्नाच्या डीजेत वाजतो. महोत्सवातही गोंधळाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. आवाज दोन्हीकडे खरा आहे. पण सॅम्पल दर वेळी तेच वाजतं आणि मोजक्या मिनिटांत कुणी पेंगतही नाही. आपण पेडलला प्रयोग म्हणतो आणि चौंडक्याला लोककला म्हणून काचेच्या कपाटात ठेवतो. टिकवायचंच असेल तर वाद्यासोबत ती रात्रही टिकवावी लागेल.