शिकागोतली ती बिनशब्दांची धून

४ नोव्हेंबर २००८ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये बराक ओबामांचं विजयाचं भाषण संपलं आणि वाद्यवृंदाची एक चढत जाणारी धून सुरू झाली. ती होती 'रिमेंबर द टायटन्स' या २००० सालच्या चित्रपटातली. रचणारा ट्रेव्हर रॅबिन, वर्णद्वेषी राजवटीतल्या जोहान्सबर्गमध्ये वाढलेला गोरा रॉक गिटारवादक.

रॅबिनचा जन्म १९५४ चा. वडील व्हायोलिनवादक, त्यामुळे पाश्चात्त्य अभिजात संगीत घरातच होतं. तो आधी पियानो शिकला, गिटार नंतर हाती आली. सत्तरच्या दशकात त्याच्या 'रॅबिट' या बँडने दक्षिण आफ्रिकेतल्या तरुणाईला वेड लावलं. पण वर्णद्वेषामुळे जगाने त्या देशाकडे पाठ फिरवली होती, आणि बँडला परदेश दौऱ्यांची दारं बंद होती. १९७७ मध्ये स्टीव्ह बायको यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यांची कहाणी जगापुढे मांडणारे पत्रकार डोनाल्ड वूड्स हे रॅबिनचे नातलग. १९७८ मध्ये रॅबिनने देश सोडून लंडन गाठलं. पुढे तो लॉस एंजेलिसला स्थायिक झाला.

मग तो 'येस' या ब्रिटिश बँडमध्ये आला. 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' या गाण्याचा कच्चा आराखडा त्याने बँडमध्ये येण्याआधीच केला होता. जानेवारी १९८४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. 'येस'चं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं.

१९९४ च्या 'टॉक' या अल्बमनंतर त्याने बँड सोडला आणि तो चित्रपटांकडे वळला. 'कॉन एअर', 'आर्मगेडन', 'नॅशनल ट्रेझर' अशी यादी वाढत गेली. रॉकचे चाहते याला अनेकदा उतरती कळा समजतात: मंचावरचा तारा पडद्यामागे गेला. मला ते पटत नाही. चार सुरांत श्रोत्याला पकडण्याची रॉकमधली सवय आणि लहानपणापासून कानावर पडलेला वाद्यवृंद, दोन्ही एकाच कामात वापरण्याची संधी त्याला इथे मिळाली.

'टायटन्स'ची गोष्ट १९७१ ची, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाची. एका शाळेत गोरी आणि काळी मुलं एकाच फुटबॉल संघात येतात, भांडतात, मग एकमेकांसाठी खेळू लागतात. त्याच वर्षी जोहान्सबर्गमध्ये सतरा वर्षांच्या रॅबिनला असा संघ पाहायला मिळणं अशक्य होतं. तिथे शाळाच वेगळ्या होत्या, कायद्यानेच. जे त्याला मायदेशात दिसलं नाही, त्यालाच त्याने तीस वर्षांनी सूर दिले.

आपणही देश सोडून आलेली माणसं. तो सोडताना तिथलं काय काय आपल्यासोबत येतं, ते पुष्कळदा उशिरा कळतं. ग्रँट पार्कमधल्या त्या गर्दीत रॅबिनचं नाव किती जणांना ठाऊक असेल? फारच थोड्यांना. पण धून मात्र नेमक्या जागी पोहोचली होती.