दुसऱ्यांदा दिलेले किरण : घशाच्या कर्करोगाशी शंभर वर्षांची झुंज

१/ वाशिम, रिसोड, मंगरुळपीर या भागाला खर्ऱ्याची आणि त्यातून येणाऱ्या जीभ-घशाच्या कर्करोगाची ओळख नवी नाही. किरणोपचारासाठी येथील रुग्ण अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठतात. परंतु बरा झालेला रोग त्याच जागी परतला, तर किरण पुन्हा देता येतात काय? या प्रश्नाचे उत्तर घडायला शतक लागले.

२/ १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण गवसले. १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. प्रारंभीचे अनेक डॉक्टर एकाच बैठकीत मोठी मात्रा देत. गाठ विरघळे, पण भोवतालची निरोगी त्वचाही होरपळे.

३/ पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रगो यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, मात्रा विभागून दिल्यास निरोगी पेशींना सावरायला अवधी मिळतो. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हेच तत्त्व घशाच्या रुग्णांवर वापरले आणि १९२२ साली स्वरयंत्राच्या कर्करोगात आलेले यश जगापुढे मांडले.

४/ १९३१ साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी पती दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले.

५/ आज घशाच्या पहिल्या पूर्ण उपचारात साधारणतः ७० ग्रे मात्रा सात आठवड्यांत विभागून देतात. शेजारच्या मज्जारज्जूला मात्र सुमारे ४५ ते ५० ग्रेपलीकडे जाऊ देत नाहीत. खरी अडचण इथेच आहे.

६/ कारण शरीर पहिली मात्रा पुरती विसरत नाही. त्याच जागी पुन्हा किरण दिले, तर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, गिळणे कायमचे अवघड होऊ शकते, क्वचित मानेची मोठी रक्तवाहिनी फुटून प्राणही जाऊ शकतो. म्हणून दीर्घकाळ डॉक्टर दुसऱ्या खेपेला कचरत.

७/ हा संकोच अचूकतेने कमी केला. जिभेत बारीक नळ्या बसवून इरिडियमचे किरण गाठीतच सोडता येऊ लागले. सीटी स्कॅन आणि संगणक यांमुळे बाहेरचा किरणझोत गाठीच्या आकाराप्रमाणे वळवता आला. खारघर येथे प्रोटॉन उपचारही उपलब्ध झाले.

८/ तरीही यश मर्यादित आहे. परतलेली गाठ शस्त्रक्रियेने काढून नंतर केमोथेरपीसह पुन्हा किरण दिलेल्या रुग्णांवरील फ्रेंच चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. रोग त्या जागी अधिक काळ आटोक्यात राहिला. एकूण आयुर्मान मात्र वाढले नाही आणि दुष्परिणाम वाढले.

९/ म्हणूनच शस्त्रक्रिया शक्य असेल तर प्रथम तिचा विचार होतो. पहिल्या उपचाराला किती काळ लोटला, गाठ केवढी आहे, रुग्णाला गिळता येते काय, हे सारे तोलले जाते. काही वेळा वेदनाशमन हाच योग्य उपचार ठरतो.

१०/ या निर्णयाचा पाया एका कागदावर असतो : पूर्वी कोठे, किती मात्रा, कोणत्या तारखांना दिली. पहिला उपचार अकोल्यात आणि दुसरा मुंबईत घेणाऱ्या वाशिमच्या रुग्णाकडे हा कागद नसेल, तर नव्या डॉक्टरांना मज्जारज्जूची उरलेली सहनशक्ती अंदाजानेच ठरवावी लागते. शेतकऱ्याचे घर सातबारा जपते, तितक्याच काळजीने ही फाइल जपली पाहिजे.