तिथी, भरती आणि तैलरंग

वाशीच्या खाडीपुलावरून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या आम्हा अध्यापक मंडळींना एक प्रश्न पुष्कळ दिवस छळत होता. मुंबईला निसर्गचित्रणाची एवढी संपन्न परंपरा लाभलेली असताना, उघड्यावर पाण्यासमोर उभे राहून तैलरंगात रंगवलेला समुद्र तीत जलरंगाच्या मानाने इतका कमी का?

१८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून तैलरंगाचे शिक्षण मिळत होतेच. परंतु हे माध्यम प्रामुख्याने व्यक्तिचित्रांत आणि पौराणिक प्रसंगांत रमले. राजा रविवर्म्याच्या चित्रात रामासमोर वरुण प्रकटतो तो समुद्रही कथेतलाच. बाहेरचा निसर्ग टिपला तो बहुधा जलरंगाने. सावळाराम हळदणकर, एम. के. परांडेकर ही नावे सहज आठवतात. ही ब्रिटिश अभिरुचीची छाप, असे उत्तर समीक्षेत तयारच असते. आम्हाला ते अर्धेच वाटते. उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आहे.

तैलरंग जवसाच्या तेलात घोटतात. (विदर्भात त्याच जवसाची चटणी करतात, हे जाता जाता.) हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. म्हणून चित्र अनेक बैठकांत पुरे करावे लागते. १८४१ मध्ये जॉन रँडने कथिलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि हे रंग रानावनात नेणे सोपे झाले; वाळण्याची गती मात्र तीच राहिली. कोल्हापुरात आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तो तलाव त्यांनी पुन्हापुन्हा रंगवला. तलावाला भरती नसते! खाडीला असते, आणि ती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. ऊन कालच्याच वेळी परतते, पाणी परतत नाही.

आपल्या किनाऱ्यावर याचे जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. म्हणजे द्वितीयेच्या दुपारी दीड वाजता तरंगत्या होड्यांचे चित्र सुरू करणाऱ्याला अष्टमीस त्याच उन्हात त्याच होड्या चिखलात टेकलेल्या दिसणार. जलरंगकार तोवर आपले चित्र गुंडाळून कधीच घरी गेलेला असतो.

क्लोद मोनेचा किस्सा येथे सांगितलाच पाहिजे. १८८५ च्या नोव्हेंबरात एत्रता येथे कड्याखाली तो रंगवत बसला होता. भरतीच्या वेळापत्रकाचा त्याचा अंदाज चुकला आणि एका लाटेने त्याला खडकावर आपटून घोडी व कॅनव्हास ओढून नेले. आमच्याकडच्या कुणा कोळ्याने त्याला आधी तिथी विचारली असती.

खाडीला अर्थात एत्रताचे कडे नाहीत, फुटणाऱ्या लाटा नाहीत. येथे गाळ आहे, तिवरे आहेत आणि करड्या रंगाच्या असंख्य छटा आहेत. एका बैठकीत त्या हाती लागत नाहीत. १९७० मध्ये सिडको आली, १९७३ मध्ये पूल झाला, आणि मिठागरे व भातखाचरे पाहतापाहता नव्या वसाहतींखाली गेली. त्या किनाऱ्यासमोर महिनाभर रोज उभे राहिलेले एखादे सावकाश चित्र आज आमच्या विद्यार्थ्यांना दाखवता आले असते तर, ही हळहळ आम्हाला कलेतिहासाच्या वादापेक्षा मोठी वाटते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेवढा किनारा अजून समोर आहे.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, पुढच्या द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास पाणी चढलेले असेल. तशी दुपार पुन्हा येईल ती पंधरवड्याने.